गप्प्याचं दीड मिनिट

ताईंचा हात म्हणजे हात होता. चोवीस वर्षांत त्या हातातून पिपेट निसटलं नव्हतं, की औषधाचा थेंब चुकीच्या खळग्यात पडला नव्हता. प्रयोगशाळेतल्या प्लेटला शहाण्णव खळगे असतात, एकेक शर्टाच्या बटणाएवढा, आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो जिवंत पेशी. त्या शहाण्णव खळग्यांत ताई बोलता बोलता औषध घालायच्या आणि वर कुणाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय तेही सांगायच्या. शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक त्यांचं काम बघायला दारात उभे राहायचे.

तर अशा या ताईंना बुधवारी सकाळी सरांनी आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची पुढे सरकवली आणि पाणी हवं का विचारलं. चोवीस वर्षांत सरांनी कुणाला पाणी विचारलं नव्हतं. ताई खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या.

"ताई," सर हळुवारपणे म्हणाले, "वय कुणाला चुकलंय?"

"काय झालं सर?"

"नऊ वेळा करून बघितलंत. नऊच्या नऊ वेळा गप्प्या दिसला नाही. माझ्या हातून दर वेळी दिसतो. प्रयोग तोच, पेशी त्याच, औषध तेच. मग उरलं काय? हात." सरांनी ताईंच्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते आजारी नातेवाईक आहेत. "उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर प्रश्नच नाही. नाहीच जमलं, तर शुक्रवारी मी शेजारून कुणाला तरी बोलावतो. आणि तुम्ही सोमवारपासून खाली काचधुलाईत बसा. तिथे खिडकी मोठी आहे."

सर ओरडले असते तर ताईंनी उलट चार शब्द ऐकवले असते. पण सर प्रेमाने बोलत होते, आणि प्रेमाने हाकलणाऱ्याशी भांडायचं कसं, हे ताईंना कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी बदलीची चिठ्ठीही टाइप करून ठेवली होती. ती त्यांनी दाखवली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. सही तेवढी बाकी होती.

आता हा गप्प्या कोण, ते सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की प्रयोगशाळेत भूतबाधा झाली होती.

आपल्या शरीरातल्या पेशींच्या दारावर घंट्या असतात. शास्त्रातले लोक त्यांना रिसेप्टर म्हणतात. औषध आलं की घंटी वाजवतं, आतल्यांना निरोप कळतो आणि पेशी कामाला लागते. पण कुणी घंटी वाजवतच राहिलं, तर पेशी काही खुळी नाही. ती आतून एक प्रथिन पाठवते. ते येऊन घंटीत बोळा कोंबतं, आणि तरीही आलेला माणूस हटला नाही तर घंटीच उचकटून घरात नेतं. मग बाहेर औषध ताटकळत उभं. अशी बोळा कोंबणारी काही प्रथिनं जगाला माहीत आहेत. सरांना तीन वर्षांपूर्वी एक नवं सापडलं होतं. त्याचं शास्त्रीय नाव उच्चारायला दोन श्वास लागत, म्हणून ताईंनी त्याचं नाव ठेवलं होतं गप्प्या.

प्रयोग सोपा होता. घंटी वाजली की उजळतील अशा पेशी ताई वाढवायच्या. एका प्लेटमध्ये साध्या पेशी, दुसरीत गप्प्या घातलेल्या. आधी साध्या प्लेटवर औषध घालायचं, मशीनमध्ये ठेवायची. प्लेट दिवाळीसारखा उजेड उधळायची. मग गप्प्याच्या प्लेटवर तेच औषध, तिथे अंधार. "आधी साधं, मग खास" अशी पाटी सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावली होती, आणि तीन वर्षांत तो क्रम कुणी मोडला नव्हता. गप्प्याचा प्रयोग सर स्वतःच करत. स्वतःचं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर कशाला द्यायचं?

पण एका मोठ्या औषध संशोधन संस्थेच्या बाई शुक्रवारी येणार होत्या. गप्प्याला आवर घालणारं औषध बनवायचं का, ते त्या ठरवणार होत्या, आणि त्यांची अट एकच होती: प्रयोग दोन वेगवेगळ्या माणसांनी आपल्यासमोर करून दाखवावा. दुसरं माणूस अर्थातच ताई. आणि ताईंच्या हातून दोन्ही प्लेटा लखलखत होत्या.

राहिलं सरांचं नाक. ते वीस वर्षांपासून चोंदलेलं होतं. त्यावर सर नाकात मारायचा फवारा वापरत. सुरुवातीला एका फुस्सने आठ तास भागायचं, मग चार, मग एक. तीन वर्षांपूर्वी गाडी अर्ध्या तासावर आली आणि तिथेच थांबली. फवाऱ्याचं औषध नाकातल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींची घंटी वाजवतं, आणि योगायोग असा की सर प्रयोगशाळेत नेमक्या त्याच घंटीचा अभ्यास करत होते. म्हणजे या विषयावर तासभर बोलू शकणारा माणूस स्वतःच्या नाकात दर अर्ध्या तासाला तीच घंटी बडवत होता आणि "काय करणार, हवाच खराब" म्हणत होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो असा.

त्या नाकाला वास तर कधीच येत नव्हता. सिंकखालून गेले अकरा महिने काहीतरी कुजल्याचा वास येत होता. ताई रोज सांगायच्या. सिंकखालच्या कपाटाला कुलूप होतं, किल्ली सरांकडे, आणि सर म्हणायचे, "बला काहीही वास येत डाही." नाक चोंदलं की सरांचे 'म' आणि 'न' असे दुसऱ्याच्या घरी राहायला जात.

बुधवारी संध्याकाळी ताई घरी आल्या त्या चपला न काढताच पलंगावर बसल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि बायकोकडे पाहिलं.

"काय गं?"

"हात गेला माझा," ताई म्हणाल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू एकदम फुटलं.

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. समजूत घालणं त्यांना जमत नसे. त्यांनी टेबलावरचा चिमटा उचलला, एका जुन्या मनगटी घड्याळाचं पोट उघडलं आणि खसखशीपेक्षा लहान स्क्रू ताईंच्या पुढ्यात ठेवला.

"बसव."

"आत्ता? डोळ्यांत पाणी आहे माझ्या."

"म्हणून तर. बसव."

ताईंनी नाक ओढलं, चिमटा धरला आणि स्क्रू पहिल्या फटक्यात जागेवर बसवला. यजमानांनी भिंगातून तपासलं, घड्याळ कानाशी धरलं.

"हाताला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मला हा बसवायला तीन वेळा लागतात. तुमचे सर काय वेगळं करतात?"

"काही वेगळं नाही हो! पाच वेळा समोर बसून लिहून घेतलंय. एकूण त्रेचाळीस पायऱ्या. त्यांनी कुठे श्वास घेतला तेही लिहिलंय. घ्या, बघा." ताईंनी पिशवीतून वही काढून आपटली.

यजमानांना पेशींतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ताईंनी प्रत्येक पायरीपुढे वेळ लिहिली होती, आणि वेळ हा त्यांचा धंदा होता. त्यांनी वहीवर भिंग धरलं आणि बोटाने एकेक ओळ उतरत गेले. ताई भाजी चिरून आल्या, कुकर लावून आल्या, तरी ते अठ्ठाविसाव्या ओळीवरच होते.

"अठ्ठाविसावी पायरी, दुसऱ्या प्लेटचं झाकण काढून बाजूला ठेवणे. एकोणतिसावी, औषध घालणे. बरोबर?"

"हो."

"तू करतेस तेव्हा मध्ये दहा सेकंद जातात. सर करतात तेव्हा एक मिनिट चाळीस. पाचही दिवस. हे वरचं दीड मिनिट कुठे जातं?"

"कुठे नाही. ते काहीच करत नाहीत तेव्हा."

"अगं, दीड मिनिट काहीच न करणारा माणूस म्हणजे एकतर झोपलेला असतो नाहीतर मेलेला. आठव."

ताईंनी डोळे मिटले. प्लेट समोर. झाकण बाजूला. सर कोपर टेकवून प्लेटवर वाकलेत. मास्क हनुवटीखाली. हात खिशात जातो...

"काही नाही हो. नाकात फुस्स करतात आणि थोडा वेळ मान वर करून बसतात."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"त्यात काय लिहायचं? ते रोजचंच आहे!" ताई वैतागून म्हणाल्या. "दिवसातून तीस वेळा करतात. आता ते दिसतसुद्धा नाही मला. आधी एक फुस्स हवेत मारतात, कागदावर तशी सूचना असते ना, पहिला फवारा हवेत सोडावा, सर सूचना अगदी काटेकोर पाळतात, आणि मग दोन नाकात..."

ताई थांबल्या. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तीन झाल्या, पाच झाल्या.

"हवेत म्हणजे कुठे?" यजमानांनी विचारलं.

"प्लेटवर," ताई म्हणाल्या. "उघड्या प्लेटवर."

आणि मग त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग भिंतीला टेकून. यजमानांना विनोद कळला नव्हता, पण मघाशी रडणारी बायको हसतेय म्हणून तेही हसले. कुकरमधला भात त्या दिवशी खिमट झाला आणि दोघांनी तो तसाच खाल्ला.

सगळं जागच्या जागी बसत होतं. सर फुस्स करूनच प्रयोगाला बसायचे, आणि पहिल्या प्लेटला पंचवीस मिनिटं लागायची. दुसऱ्या प्लेटचं झाकण निघेपर्यंत सरांच्या नाकाचा अर्धा तास भरायचा. हवेत सोडलेल्या फवाऱ्याचा शिंतोडा प्लेटवर पडायचा आणि सगळ्या घंट्या वाजवून टाकायचा. पेशी उजळायच्या नि विझायच्या, पण तेव्हा मशीन बघत नसायचं. मग पेशी आपल्या नेहमीच्या, जगाला माहीत असलेल्या प्रथिनांचे बोळे कोंबून मोकळ्या व्हायच्या. दीड मिनिटाने सर खरं औषध घालायचे तेव्हा दारात घंटीच नसायची. गप्प्या बिचारा त्यात कुठेच नव्हता. तीन वर्षांपूर्वी नाक अर्ध्या तासावर आलं आणि तीन वर्षांपूर्वीच गप्प्या सापडला, हे ताईंना झोपता झोपता आठवलं आणि त्या अंधारात पुन्हा खुदकन हसल्या.

गुरुवारी सकाळी सर येण्याआधी ताई प्रयोगशाळेत हजर होत्या. सरांच्या खणात फवाऱ्याच्या सात बाटल्या होत्या. त्यातली एक घेतली. साध्या पेशींची प्लेट घेतली, जिच्यात गप्प्याचा मागमूस नव्हता. झाकण काढलं, वर हवेत एकदा फुस्स केलं, भिंतीवरच्या घड्याळात दीड मिनिट मोजलं, औषध घातलं. अंधार. दुसरी प्लेट. अंधार. तिसरी. मिट्ट.

मग त्यांनी गप्प्याची प्लेट घेतली, आणि इथे मात्र ताईंचा हात पहिल्यांदा थबकला.

कारण आता सगळं त्यांच्या मुठीत होतं. या प्लेटवर एक फुस्स करायचं, आकडे सरांपुढे ठेवायचे आणि म्हणायचं, जमलं बघा सर. हात परत, जागा परत, सर खूश, शुक्रवारच्या बाई खूश. काचधुलाईतली ती मोठी खिडकी दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी. चूक ताईंची थोडीच होती? त्या तर सरांच्याच पद्धतीने करणार होत्या, उलट आता कुठे पूर्ण पद्धतीने.

पण ताईंना आई आठवली. आईला दमा होता. छाती भरून आली की ती पंप ओढायची. आधी दिवसातून दोनदा, मग तासातासाला, आणि पुढे पुढे पंप दाबून बोटं दुखायची तरी छाती मोकळी होत नसे. आई गेली त्यानंतर सरांनीच एक दिवस ताईंना समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं होतं, की सारखी वाजवलेली घंटी पेशी कशी काढून घेते. पंपाची घंटी वेगळी, पण तऱ्हा हीच. "आपण हे गप्प करणारं काय आहे ते शोधू ताई," सर म्हणाले होते, "म्हणजे औषध थकणार नाही." त्या दिवसापासून ताई या कामाला नोकरी समजत नव्हत्या. आता त्या संस्थेच्या बाई दहा वर्षं गप्प्याला पकडायचं औषध शोधत बसल्या असत्या, आणि गप्प्या म्हणजे सरांचं चोंदलेलं नाक. दरम्यान कुणाची तरी आई पंप दाबत राहिली असती.

ताईंनी बाटलीला टोपण लावलं. गप्प्याची प्लेट फवारा न मारता केली. ती झगझगीत उजळली.

आता उरलं सरांना सांगणं. हे काम सगळ्यात अवघड होतं, आणि ते सर रागीट होते म्हणून नव्हे. चोवीस वर्षं ताई सरांना काही ना काही सांगत आल्या होत्या: सर, बाटलीवर नाव लिहा, सर, फ्रीजचं दार नीट लावा, सर, सिंकखाली वास येतोय. सरांच्या कानाने त्यावर कधीच बोळा कोंबला होता.

"सर, गप्प्याचं कारण सापडलं," दहाच्या सुमारास ताई म्हणाल्या.

"हं, हं," सर म्हणाले. "लिहितो नाव."

साडेदहाला ताईंनी आकड्यांचा कागद पुढे ठेवला. सरांनी त्यावर चहाचा कप ठेवला. अकराला ताई अगदी कानाशी जाऊन म्हणाल्या, "सर, तुमच्या फवाऱ्यामुळे होतंय हे!" सर म्हणाले, "हो ना, हवाच खराब," आणि खिशातून बाटली काढून फुस्स केलं, आधी हवेत, मग नाकात. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तर निदान घडा बाहेरून तरी भिजतो.

बारा वाजता वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला. सर डबा विसरले होते.

"वहिनी," ताई काकुळतीने म्हणाल्या, "सरांना एक गोष्ट ऐकवायची आहे. कशी ऐकवू?"

वहिनी पलीकडून हसल्या. "ताई, मला एकतीस वर्षं झाली. मी त्या फवाऱ्यावरून बोलून बोलून जीभ झिजवली. पण एक सांगते. मध्ये मी आठ दिवस बहिणीकडे गेले होते. परत आले, दारातूनच म्हटलं, 'अहो, पंखा बंद करा.' आणि हा माणूस उठून पंखा बंद करून आला! आठ दिवसांत कान मोकळे झाले होते. मग मी पुन्हा रोज बोलायला लागले नि पुन्हा तेच. तुम्ही बोलणं बंद करून बघा."

ताईंनी फोन ठेवला. घंटी वाजवणं थांबवलं की पेशी ती पुन्हा दारावर आणून लावते, हे तर त्या गेली कित्येक वर्षं पाहत होत्या. हे माणसांवर करून बघावं असं त्यांना का सुचलं नाही?

बारा वाजून पाच मिनिटांनी ताई गप्प झाल्या.

सोपं नव्हतं ते. सरांनी फ्रीज उघडा टाकला, ताई गप्प. सरांनी नाव न लिहिलेली बाटली नेमकी नाव न लिहिलेल्या दुसऱ्या बाटलीशेजारी ठेवली. ताईंनी ओठ इतके आवळले की दात दुखले. दोन वाजता सरांनी मान वर केली. अडीचला ते उगाचच येऊन टेबलापाशी रेंगाळले. तीन वाजता स्वतःच जाऊन फ्रीजचं दार लावून आले. साडेतीनला त्यांनी एका बाटलीवर नाव लिहिलं आणि ती ताईंना दिसेल अशी धरली. ताईंनी नुसतं पाहिलं.

चार वाजता सर खुर्ची ओढून ताईंच्या समोर बसले. चेहरा पडला होता.

"ताई, काय झालं? तुम्ही काहीतरी बोला हो. मला इथे बसवत नाहीये."

ताईंनी चार तासांची सगळी वाचा एका वाक्यात ओतली.

"सर, गप्प्या नाही, तुमच्या फवाऱ्याचा शिंतोडा आहे."

सर ऐकत होते. चक्क ऐकत होते. ताईंनी त्यांच्यासमोर साध्या पेशींची प्लेट ठेवली, फुस्स केलं, दीड मिनिट मोजलं, औषध घातलं. मशीनवर अंधार उमटला. सर त्या अंधारावर वाकले. मग त्यांनी खिशातली बाटली काढली, हातात फिरवली, पहिल्यांदाच बघतोय तशी.

"तीन वर्षं," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि मी तुमच्या हाताला नावं ठेवली."

ताईंनी प्लेटवर झाकण ठेवलं. सरांना काय वाटत असेल ते त्यांना कळत होतं, आणि तरीही, खरं सांगायचं तर, आतून कुठेतरी अगदी गार वाटत होतं.

"बाईंना फोन करून उद्या येऊ नका सांगू का?" ताईंनी विचारलं.

सर उठले. नाक चोंदलेलं, डोळे लाल, पण ताठ उभे राहिले. "डको," ते म्हणाले. "येऊ द्या."

शुक्रवारी पाहुण्या बाई आल्या. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, आणि नजर अशी की बाटलीवर नाव नसेल तर बाटलीनेच लाजावं. सरांनी फवाऱ्याच्या खणातल्या सात आणि खिशातली आठवी अशा सगळ्या बाटल्या ताईंच्या हवाली केल्या होत्या. सर टेबलाशी बसले. पहिली प्लेट उजळली. अठ्ठाविसावी पायरी आली तेव्हा सरांचा हात सवयीने खिशाकडे गेला, पँटच्या रिकाम्या खिशात चाचपडला आणि परत आला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. सरांचं तोंड केव्हाच उघडलं होतं, आणि त्यातून इंजिनासारखा श्वास चालला होता. त्यांनी औषध घातलं. गप्प्याची प्लेट लखलखली.

बाईंनी भुवया उंचावल्या. "दिसला नाही तुमचा गप्प्या."

"ताई, तुबची पाळी," सर म्हणाले. त्या दिवशी सरांचे 'म' आणि 'न' घरी परतलेच नाहीत; पुढे ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी जागेवर बसवलेत.

ताईंनी साध्या पेशींच्या दोन प्लेटा घेतल्या. एकीवर फुस्स केलं, दुसरीवर नाही. एक अंधारी, एक उजळ. मग सरांनी स्वतः सगळं सांगितलं, नाकापासून पाटीपर्यंत, काही न झाकता. बाई शांतपणे ऐकत होत्या. फवारा हवेत मारायच्या जागी त्यांच्या ओठाचा कोपरा हलला आणि सूचनेच्या कागदापाशी त्या खळखळून हसल्या.

"क्रम कधी उलटा करून बघितला नाहीत? आधी खास, मग साधं?"

सरांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. "पाटी लावली होती ना," ते खजील होऊन म्हणाले.

"माझी दहा वर्षं वाचवलीत," बाई म्हणाल्या. "हे पकडलं कुणी?"

"हिशेबाने यांच्या यजमानांनी," सर म्हणाले. "आणि हाताने यांनी. असा हात दुसरा नाही. मी मध्यंतरी काही वेगळं म्हणालो होतो, ते नाक चोंदलेल्या माणसाचं बोलणं होतं."

बाई निघताना सरांना म्हणाल्या, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा, मग मला पत्र लिहा. नवा प्रयोग असेल तर येईन, पण दोन्ही हात पुन्हा हेच हवेत.

पुढचे दिवस प्रयोगशाळेने कसे काढले ते प्रयोगशाळाच जाणे. डॉक्टरांनी फवारा बंद करायला लावला, दुसरं साधं औषध दिलं आणि धीर धरायला सांगितलं. सर तोंडाने श्वास घेत फिरायचे, टेबलावर डोकं टेकून बसायचे, दिवसातून चारदा ताईंकडे बाटली मागायचे आणि ताई तीनदा नाही म्हणायच्या. चौथ्यांदा म्हणायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. गप्प राहण्याचं मोल त्यांना आता कळलं होतं. 'आधी साधं, मग खास'ची पाटी सरांनी उतरवली, पण भिंतीवर तिचा चौकोन पांढरा राहिला. काचधुलाईबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही. चिठ्ठी सरांच्या कोटाच्या खिशात आहे हे ताईंना माहीत होतं. शुक्रवारचं कौतुक तोंडी होतं आणि चिठ्ठी कागदावर होती, म्हणून रोज सकाळी काचधुलाईच्या दाराकडे न बघता त्या भराभर जिना चढायच्या.

बाराव्या दिवशी सर दारातून आत आले आणि थबकले. मान वर केली. नाकपुड्या थरथरल्या. तोंड, कित्येक वर्षांनी, बंद होतं.

"ताई!" ते ओरडले. "म... म... मला वास येतोय! शी! काय घाण वास आहे हा! हे काय कुजलंय इथे?"

ताई पिपेट धरून बसल्या होत्या. त्यांनी सिंककडे बोट केलं.

"कधीपासून आहे हे?" सर नाक धरून म्हणाले. "कुणी मला सांगितलं कसं नाही?"

ताईंनी तोंड उघडलं. अकरा महिन्यांचे सगळे दिवस जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. मग त्यांनी तोंड मिटलं आणि सरांकडे शांतपणे बघत राहिल्या.

सर पण बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला, आणि मग ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

काही न बोलता त्यांनी किल्ली काढली, गुडघे टेकले आणि सिंकखालचं कपाट उघडलं. आत पेशींच्या खुराकाची एक फुटकी बाटली होती. तिच्यावर नाव नव्हतं. तिच्यातून गळलेलं काहीतरी हिरवं होऊन फळीला चिकटलं होतं.

"कागद द्या जरा," सर आतून म्हणाले, आणि मग, "राहू द्या, आहे माझ्याकडे." त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली, उलगडली आणि तिने ती फळी खसाखसा पुसायला लागले.

ताईंनी पुढचा थेंब पुढच्या खळग्यात बरोबर मधोमध सोडला.